घर कोणाचें आणि ऐरण कोणाची?

मासिकाच्या टीकाविभागांत काव्य, नाटक, कादंबरी ह्यांचें परीक्षण करावें अशी रूढी आहे, आणि ती मोडण्याची आम्हांस विशेष हौस नाहीं. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कल्पनेच्या प्रांतांत एक असा प्रकार उदयास आला आहे कीं, ज्यास वाचक नसून रहिवासी असतात. ऑनलाइन भूमिकाखेळ तो हाच. हजारों माणसें आपापल्या घरीं संगणकापुढें बसून एकाच कल्पित प्रदेशांत वावरतात. कोणी योद्धा होतो, कोणी वैद्य, कोणी लोहार. तेथें बाजार भरतो, लढाया होतात, घरें बांधलीं जातात आणि वस्तु घडविल्या जातात. कादंबरीकार आपल्या पात्रास घर देतो किंवा देत नाहीं, हा कथेपुरता प्रश्न असतो. वाचकास त्यासाठीं वाट पाहावी लागत नाहीं कीं भाडें भरावें लागत नाहीं. येथें मात्र पात्र आणि वाचक एकच. म्हणून रचनाकारानें घराविषयीं केलेला नियम हा कथानकाचा भाग न राहतां कायदा होतो, आणि कायद्याचें परीक्षण करण्याचा अधिकार त्याखालीं राहणाऱ्या प्रत्येकास असतो.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हे खेळ चालू असतील, आणि पुष्कळ पालक त्यांकडे अभ्यासाचा शत्रु ह्यापलीकडे पाहत नसतील. त्या वादांत आम्ही आज शिरत नाहीं. नाशिकच्या ज्या इंदिरानगरांत बसून आम्ही हें लिहीत आहों, तेथें रात्रीं दहानंतर एखाद्या घरांतील पोरांच्या खोलीबाहेर क्षणभर उभें राहावें. ‘प्लॉट कोणत्या गल्लींत?’, ‘सोडतीचा निकाल कधीं?’ असे प्रश्नोत्तर कानांवर पडतात, आणि अपरिचितास वाटावें कीं म्हाडाच्या घरांविषयींच बोलणें चाललें आहे. खऱ्या शहरांत घरासाठीं चिठ्ठी टाकून वाट पाहणाऱ्या पिढीचीं मुलें करमणुकीच्या शहरांतहि चिठ्ठीच टाकीत बसलीं आहेत, हा योगायोग आम्हांस विचार करण्याजोगा वाटला, आणि त्यांतूनच हा लेख निघाला.

घर-घर खेळणें हें कांहीं संगणकानें शिकविलेलें नाहीं. आपल्या भातुकलींत खडूनें रेघ ओढली कीं घर झालें. त्या रेघेस किंमत नाहीं, आणि दुसऱ्या मुलीनें शेजारीं रेघ ओढावयास कोणाची मनाई नाहीं. दुर्मिळ असतात तीं भांडीं. जिच्याकडे तांब्यापितळेचा पुरा संच, म्हणजे जातें, पाटा-वरवंटा, चूल, पातेलीं, तिच्या घरीं सगळ्या जमतात, आणि तिच्याच चुलीवर सर्वांचा चुरमुऱ्यांचा भात शिजतो. भांडीं तिचीं खरीं, पण तिनें तीं फडताळांत ठेवून दिलीं तर खेळच बंद पडतो, हें तिला कोणी सांगावें लागत नाहीं. दिवाळींतला मातीचा किल्लाहि असाच. जागा वाड्याच्या कोपऱ्यांतली किंवा आतां इमारतीच्या वाहनतळाजवळची, माती कोठून तरी आणलेली, आणि खोरें एकट्याचें असलें तरी तें सर्वांच्या हातांतून फिरतें. सारांश, आपल्या बाळखेळांत घर फुकट आणि हत्यार सामाइक. ऑनलाइन खेळांच्या रचनाकारांपुढें हाच प्रश्न आला, तेव्हां त्यांनीं प्रथम रेघेस किंमत लाविली.

ह्या इतिहासाचा आरंभ शोधावयाचा तर १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रब्शॉ आणि रिचर्ड बार्टल ह्यांनीं रचलेल्या केवळ शब्दमय खेळापर्यंत जावें लागेल. परंतु घर आणि धंदा ह्यांची गांठ खऱ्या अर्थानें पडली ती १९९७ च्या सप्टेंबरांत निघालेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ ह्या खेळांत. ब्रिटानिया नांवाच्या त्या राज्यांत घराचा कागद विकत घ्यावा आणि मोकळी सपाट जमीन दिसेल तेथें घर उभें करावें, एवढाच नियम होता. नगररचना नाहीं, सातबारा नाहीं. परिणाम काय झाला असेल हें कोणीहि मराठी मनुष्य न पाहतां सांगूं शकेल. थोड्याच काळांत मोकळी जमीन संपली. आधीं आले ते जमीनदार झाले, आणि मागून आलेले रानावनांत कोपरे शोधीत फिरूं लागले. पुढें तर हीं पडद्यावरचीं घरें ईबे ह्या लिलावाच्या बाजारांत खऱ्या डॉलरांना विकलीं जाऊं लागलीं. २००० सालीं चालकांनीं त्या राज्याची दुसरी प्रतच उघडून जमीन दुप्पट केली. एका हुकुमासरशी भूमि दुप्पट करण्याइतकें समर्थ सरकार पृथ्वीवर दुसरें नसेल. तरीहि नव्या भूमीवर लोकांची अशी झुंबड उडाली कीं, तिचीहि गत पहिलीसारखीच झाली. मालक फार दिवस फिरकला नाहीं तर घर जीर्ण होत जाई, आणि कोसळण्याची घटका जवळ आली कीं आंतील सामान लुटण्यासाठीं भोंवतीं माणसें दबा धरून बसत.

तथापि ‘अल्टिमा’च्या रचनेंत एक गोष्ट मोठी शहाणपणाची होती. लोहाराची भट्टी आणि ऐरण नगरांत, रहदारीच्या जागीं, सर्वांस उघडी होती. ज्यास घर नाहीं तोहि खाणींतून कच्चें लोखंड आणून त्या भट्टीपाशीं उभा राही आणि जाणाऱ्या-येणाऱ्याचीं चिलखतें दुरुस्त करून देई. घरवाला आपल्या घरांत स्वतंत्र भट्टी मांडूं शके, दाराशीं विक्रेता उभा करूं शके; त्याची सोय अधिक होती, हें खरें. पण कसब शिकण्याचा रस्ता त्याच्या अंगणांतून जात नव्हता. सार्वजनिक ऐरणीपाशीं नवशिका लोहार जुन्या लोहारास भेटे, भाव कळत, ओळखी होत. घराच्या बाबतींत त्या राज्यांत जितका अन्याय होता, तितका कसबाच्या बाबतींत नव्हता, आणि ह्या एका गोष्टीमुळें तें राज्य राहण्याजोगें झालें, असें आम्हांस वाटतें.

येथें कोणी विचारील कीं, कारागिराचें घर आणि त्याची कर्मशाळा एकत्र असणें हेंच नैसर्गिक नव्हे काय? आमच्याच जिल्ह्यांतील येवल्यास पैठणी विणणाऱ्याच्या घरीं जाऊन पाहावें. तेथें माग हा घराचा एक कोपरा नसून घर हेंच मागाभोंवतालचें आवरण वाटतें. विणकर खड्ड्यांत पाय सोडून बसलेला, घरांतलें दुसरें कोणी कांड्या भरीत असलेलें, आणि त्याच आवाजांत मूल झोपलेलें. जुन्या नाशकांतील तांबट आळींतहि ठोके घरांतूनच ऐकूं येत. हें चित्र सुंदर आहे, परंतु त्याच्या मोहांत पडूं नये. ज्याचें घर गेलें त्याचा माग बसला. आणि ज्याच्या घरीं माग मांडण्यास जागा नाहीं, त्यास दुसऱ्याच्या मागावर मजुरीनें बसावें लागतें. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा ‘गांव-गाडा’ हा १९१५ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ ज्यांनीं वाचला असेल, त्यांस बलुतेदारीचें स्वरूप नव्यानें सांगण्याची जरूर नाहीं. सुताराचा वाकस आणि लोहाराचा भाता गांवच्या उपयोगाचा होता. पण तो हातीं कोणी धरावा हें जन्मानें ठरलेलें होतें, आणि गांवांतलें घर, वतन व कसब हीं तीन्ही एकाच गांठीनें बांधलेलीं होतीं. मुंबई राज्यानें कनिष्ठ गांववतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द केलीं. घर आणि हत्यार ह्यांची गांठ जितकी उबेची तितकीच जाचाची असूं शकते, हें आपल्या लोकांस दुसऱ्या कोणी शिकवावें लागूं नये.

आमच्या इंदिरानगरानें ती गांठ पार सोडून टाकली आहे. राहावयाचें येथें, घडवावयाचें अंबडच्या आणि सातपूरच्या कारखान्यांत. एखाद्या खोलींत शिवणयंत्र चालत असतें, उन्हाळ्यांत गच्चीवर कुरडया वाळत असतात. बाकी बहुतेक घरांत कांहीं घडत नाहीं, फक्त ठेवलें जातें. ही तक्रार नव्हे. अंबडच्या यंत्रावर काम करणाऱ्यास तें काम मिळविण्यासाठीं आधीं इंदिरानगरांत सदनिका घ्यावी लागत नाहीं, ही मोठीच मोकळीक आहे. पण तिचीहि किंमत आहे, आणि ती पुढें दिसेल.

आतां आजच्या खेळांपैकीं ज्याची घराविषयींची कीर्ति सर्वांत अधिक, त्याकडे वळूं. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीचा ‘फायनल फँटसी १४’ हा खेळ २०१३ च्या ऑगस्टांत नव्या रूपानें सुरू झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांत घरें आलीं. कसबाची वाट ह्या खेळांत आश्चर्य वाटावें इतकी मोकळी आहे. लोहार, सुतार, शिंपी, सोनार, आचारी ह्यांच्या श्रेण्यांत कोणासहि प्रवेश आहे. एकच मनुष्य सर्व कसबें शिकूं शकतो. आणि काम करण्यास भट्टी किंवा बाक शोधावें लागत नाहीं. हत्यार हातीं घेतलें कीं भर रस्त्यांत उभें राहून तलवार घडवितां येते. आमच्यासारख्या जुन्या मनुष्यास ह्यांत थोडा विरस वाटतो, कारण ऐरणीवांचून लोहार म्हणजे तबल्यावांचून तबलजी. परंतु न्यायाच्या दृष्टीनें ह्याहून उदार व्यवस्था सांपडणें कठीण.

घराच्या बाबतींत मात्र तोच खेळ अतिशय कंजूष आहे. प्रत्येक वस्तींत साठ भूखंड, लहान, मध्यम व मोठे. आणि वस्त्यांची संख्या मोजकी. पूर्वीं एखादें घर रिकामें झालें म्हणजे तें विक्रीस केव्हां खुलें होईल ही वेळ गुप्त असे, आणि इच्छुक लोक त्या भूखंडाच्या पाटीपुढें तासन्‌तास उभें राहून तिच्यावर सारखी टिचकी मारीत बसत. हा मानहानिकारक प्रकार २०२२ च्या एप्रिलांत बराचसा थांबला आणि त्याच्या जागीं सोडत आली. पांच दिवस अर्ज, पुढें चार दिवस निकाल, अर्जाबरोबर पूर्ण किंमत अनामत. न लागल्यास परत. म्हाडाचा अर्ज भरलेल्या गृहस्थास हें सर्व वाचून घरच्यासारखें वाटेल. घर लागलें तरी निश्चिंत होतां येत नाहीं. पंचेचाळीस दिवस मालकानें घरांत पाऊल टाकलें नाहीं तर घर पाडलें जातें. २०२० च्या महामारीसारख्या प्रसंगीं कंपनीनें हा नियम कांहीं काळ तहकूब ठेवला, हें तिच्या माणुसकीचें लक्षण म्हणून नमूद केलें पाहिजे. पण परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यास किंवा बाळंतिणीस ती तहकुबी नाहीं.

केवळ घरांची टंचाई असती तर आम्ही तिला एवढी जागा दिली नसती. शेजार खरा हवा असेल तर भूखंड मोजके हवेत, आणि प्रत्येक वस्ती सर्व्हरवर सदैव उभी ठेवण्यास खर्च येतो, हें कंपनीच्या बाजूनें मान्य करावें लागेल. २०१६ पासून लहान खोल्यांच्या इमारतीहि आहेत, आणि ज्यास फक्त डोक्यावर छप्पर व भिंतीस चित्र हवें, त्याचें तेवढ्यानें भागतें. आमचा आक्षेप निराळा आहे. ह्या उदार खेळांत कसबाचीं कांहीं दालनें अशीं आहेत कीं, त्यांची किल्ली घराच्या कागदास बांधलेली आहे. संघाची कर्मशाळा हें त्यांतलें मुख्य. २०१५ पासून तेथें हवाई जहाजें व पुढें २०१८ पासून पाणबुड्या बांधतां येतात. आणि हीं कामें अशीं आहेत कीं, दहा हातांनीं मिळून साहित्य आणावें, दहा डोक्यांनीं मिळून जुळवावें. ऑनलाइन खेळाचें जें खरें वैशिष्ट्य, म्हणजे अनोळखी माणसांनीं मिळून कांहीं मोठें घडविणें, तें ह्या कर्मशाळेंत मूर्त होतें. पण ज्या संघास सोडतींत घर लागलें नाहीं, त्यास ती नाहीं. त्यांतील प्रत्येक सभासद आपापल्या कसबांत पारंगत असेना का. एकेकटा तो राज्यांतली उत्तम तलवार घडवील, सर्व मिळून मात्र नौकेचें एक फळकूटहि ठोकूं शकणार नाहींत.

बागेची गोष्ट ह्याहून बोलकी आहे, आणि नाशिक जिल्ह्यांतील वाचकांस ती विशेष रुचेल. ह्या खेळांत खेळाडूबरोबर लढणारा एक पक्षी असतो. तो ठराविक पायरीच्या पुढें वाढावा म्हणून त्यास एका विशिष्ट जातीचा कांदा चारावा लागतो, आणि तो कांदा घराच्या अंगणांतील वाफ्यांत बियांचा संकर करून पिकवावा लागतो. इमारतींतील खोलीवाल्यास वाफा नाहीं. त्यानें बाजारांत जाऊन अंगणवाल्याच्या भावानें कांदा घ्यावा. लासलगांवच्या बाजारपेठेच्या जिल्ह्यांत राहून आम्ही कांद्याचे पुष्कळ प्रताप पाहिले आहेत, पण जमिनीची सोडत लागल्यावांचून कांदा लावतांच येऊं नये, इतकी मजल येथल्या व्यापाऱ्यांनींहि मारलेली नाहीं.

म्हाडाच्या सोडतींत ज्याचें नांव निघालें नाहीं, तो भाड्याच्या खोलींत राहूनहि आपलें शिवणयंत्र चालवूं शकतो. घर न मिळणें हें दुर्दैव आहे. घर न मिळाल्यामुळें धंदा करतां न येणें हें त्याहून वेगळें आणि अधिक आहे. ह्याच्या उलट दुःखहि आपण पाहिलें आहे. मुंबईच्या गिरणी-कामगारांचे साचे १९८२ च्या संपानंतर हळूहळू बंद पडले, आणि गिरण्यांच्या जमिनीवरील घरांची सोडत त्यांच्यासाठीं २०१२ सालीं निघाली. घर आलें तेव्हां साचा नव्हता. ‘फायनल फँटसी’च्या रचनाकारांपुढें अर्थात् हा इतिहास नव्हता, आणि त्यांस तो ठाऊक असावा अशी अपेक्षाहि नाहीं. पण टंचाईच्या वस्तूस हत्याराची किल्ली जोडली म्हणजे वतन तयार होतें, हें कळण्यास इतिहास लागत नाहीं. सोडतीनें मिळालेलें वतन जन्मानें मिळालेल्या वतनाहून बरें, एवढेंच फार तर म्हणतां येईल.

बर्लिनच्या एका मंडळीनें २०१७ सालीं काढलेला ‘आल्बियन ऑनलाइन’ हा खेळ तर ही गोष्ट लपवीतहि नाहीं. त्यांत नगरांतील जागा लिलावानें घ्यावयाच्या, त्यांवर कर्मशाळा बांधावयाच्या, आणि तेथें काम करावयास येणाऱ्या प्रत्येक कारागिराकडून मालकानें मनास येईल तें शुल्क घ्यावयाचें. येथें ऐरण सर्वांस उघडी आहे, परंतु ठोका मारण्यापूर्वीं जागेचें भाडें द्यावें लागतें. शेजारच्या कर्मशाळेशीं स्पर्धा असल्यामुळें भाव फार चढत नाहींत, असें त्या खेळाचे चाहते म्हणतात; कारखानदारहि तेंच म्हणत आलेले आहेत. तरी हा खेळ प्रामाणिक आहे, एवढें श्रेय आम्ही त्यास देतों.

मग सर्वांस घर द्यावें आणि प्रत्येक घरांत ऐरणहि द्यावी, म्हणजे प्रश्न मिटला, असें कोणास वाटेल. हा प्रयोग झालेला आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ह्या अतिशय लोकप्रिय खेळानें २०१४ च्या नोव्हेंबरांत प्रत्येक खेळाडूस स्वतःचें एक ठाणें दिलें. खाण अंगणांत, वनौषधींचा मळा परसांत, कसबाची शाळा दाराशीं, आणि कामास नेमलेले कल्पित चाकर. टंचाई नाहीं, सोडत नाहीं, समता संपूर्ण. आणि तरीहि त्या पर्वाविषयीं खेळाडूंची मुख्य तक्रार हीच राहिली कीं, नगरें ओस पडलीं. ज्याला त्याला सर्व घरींच मिळूं लागल्यावर कोणी कोणाच्या दारीं जाईना. कसब म्हणजे माल तयार करणें इतकेंच नसून माल दुसऱ्याच्या हातीं देणेंहि आहे, हें त्या रचनेंत कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. त्याच खेळाच्या चालकांनीं २०२५ सालीं घरांची नवी योजना जाहीर केली, तींत मागच्या अनुभवाची सावली स्पष्ट दिसते. सोडत नाहीं, जबर किंमत नाहीं, वर्गणी थांबली तरी घर जप्त होणार नाहीं. सुमारें पन्नास घरांची एक वस्ती, म्हणजे शेजार. सजावटीचें सामान कारागिरांनीं घडवावें अशीहि तजवीज आहे. हें घर मात्र मुख्यतः शोभेचें आहे. तेथें पाहुणे यावेत, भिंती पाहाव्यात, वाहवा करावी. आमच्या इंदिरानगरच्या दिवाणखान्यांची ही हुबेहूब प्रतिकृति असून, काचेच्या कपाटांतील बाहुल्यांसुद्धां तींत जागा आहे. उपद्रवी कांहीं नाहीं. पण कर्मशाळेंतून निघालेल्या वस्तूंनीं भरलेलें घर आणि स्वतः कर्मशाळा असलेलें घर ह्यांत जो फरक येवल्यास पाऊल टाकतांच जाणवतो, तो येथें बुजून गेला आहे.

ह्या दोन्ही टोंकांच्या मध्यें जें एक राज्य उभें राहिलें होतें, त्याची आठवण जुन्या खेळाडूंस अद्याप येते, आणि त्याचें गुणगान करितांना त्यांचा आवाज बदलतो. २००३ च्या जूनमध्यें निघालेला ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ हा तो खेळ. त्यांत घरें दुकानांत तयार मिळत नसत. तीं खेळाडूंपैकींच वास्तुकाराचें कसब शिकलेला कोणी तरी बांधून देई. त्या वास्तुकारास लागणारें धातु व लांकूड दुसरा कोणी खणून आणी. आणि त्या द्रव्यांचा गुण दर वेळीं निराळा असल्यामुळें एकाच नांवाच्या दोन वस्तु सारख्या उतरत नसत. कसबाच्या बारीक कामासाठीं कर्मासन लागे. तें नगरांत सार्वजनिक असे, आणि खासगीहि घरांत मांडतां येई. अशा घरांचीं मिळून नगरें वसत, त्यांस निवडून दिलेला नगराध्यक्ष असे. एखाद्या शस्त्रकाराची ख्याति झाली म्हणजे लोक वाळवंट तुडवून त्याच्या घरापर्यंत जात. त्या घराची किंमत जमिनीमुळें नव्हती, आंत बसलेल्या मनुष्यामुळें होती. घर आणि ऐरण ह्यांची गांठ येथेंहि होतीच, पण ती बाहेरच्यास अडविणारी नव्हती. उलट त्यास बोलावणारी होती.

ह्या राज्याचा शेवट शोचनीय झाला. २००५ च्या नोव्हेंबरांत चालकांनीं, अधिक लोक यावेत ह्या आशेनें, तीसांहून अधिक व्यवसायांची ती सृष्टि मोडून नऊ ठोकळ भूमिका तेवढ्या ठेविल्या. ज्यांनीं कित्येक महिने घालवून एक कसब मिळविलें होतें, त्यांस सकाळीं उठून तें कसबच अस्तित्वांत नाहीं असें आढळलें. पुढें १५ डिसेंबर २०११ रोजीं तो खेळच बंद झाला, आणि घरें, नगरें, नगराध्यक्ष सर्व एका रात्रींत नाहींसे झाले. ह्या जगांतील मालकी किती पोकळ आहे हें त्यावरून कळावें. कागद खेळाडूच्या नांवें असतो, पण जमीन, आकाश आणि कायदा ही कंपनीची असतात. तेव्हां घरासाठीं होणारी ही सारी धडपड भाडेकरूंची आहे, घरमालकांची नव्हे. आणि भाडेकरूंनीं आपसांत कुळकायदे करून एकमेकांस हत्यारापासून दूर ठेवावें, ह्यांत आम्हांस थोडा विनोदहि दिसतो.

शेवटीं ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’विषयीं दोन शब्द. हा खेळ २०१४ सालचा, त्यांत घरें २०१७ च्या फेब्रुवारींत आलीं. पहिली खोली एका लहानशा कामाच्या बदल्यांत कोणासहि फुकट मिळते. वाडे मात्र महाग, आणि कांहीं तर खऱ्या पैशांनींच घ्यावयाचे, हें आम्हांस मुळींच आवडलें नाहीं. साधीं कर्मासनें प्रत्येक नगरांत उघडीं आहेत. पण विशेष प्रकारचीं चिलखतें घडविण्याचीं आसनें राज्यभर डोंगरदऱ्यांत विखुरलेलीं असून, त्यांच्या प्रती परिश्रमानें मिळवून घरांतहि मांडतां येतात. येथें एक अनपेक्षित प्रघात पडला. संघाचा प्रमुख आपल्या वाड्यांत हीं आसनें एकेक करून जमवितो, सभासद त्यांस हातभार लावितात, आणि दार उघडें ठेविलें जातें. नवा मनुष्य संघांत आल्याबरोबर त्यास वाड्याचा पत्ता मिळतो, आणि तो आंत जाऊन पन्नास आसनांपैकीं हवें त्यावर बसतो. त्याच्याजवळ फुकटची एकच खोली असली तरी चालतें. रचनाकारांनीं हा नियम केलेला नाहीं. भातुकलींतल्या पुऱ्या संचवाल्या मुलीप्रमाणें हें आपसांतल्या समजुतीनें चालतें. गेल्या पंचवीस वर्षांतील सर्व योजनांत ही आम्हांस अधिक पसंत आहे, आणि तिचा दोषहि त्याच समजुतींत आहे. सर्वांनीं मिळून भरलेली ती कर्मशाळा कागदोपत्रीं एकट्या प्रमुखाची राहते. तो रुसला, कंटाळला किंवा नोकरीनिमित्त खेळ सोडून गेला, कीं पन्नास आसनें त्याच्या वाड्यांत राहतात आणि वाड्याची किल्ली त्याच्या खिशांत.